शेततळ्यातला कटला आणि गोदावरीतला रोहू

मासा म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे कोकण उभे राहते. नारळीची बने, होड्या, कोळीण, तिची पाटी. आमचा मराठवाडा म्हणजे ज्वारी, तूर, सोयाबीन आणि उन्हाळ्यात टँकर. येथल्या मुलाने माशांवर लिहायचे ठरवले तर मित्र हसणारच. आमचे हसलेही. एकाने विचारले, "तुमच्याकडे प्यायला पाणी नाही, मासे कुठे राहतात?"

त्याचा प्रश्न मला झोंबला, कारण त्यात थोडे खरे होते. पण आम्ही भोई. आजोबांचा संसार मांजरेच्या पाण्यावर झाला, बाबांचा निम्मा झाला. मामा नांदेडला गोदावरीकाठी राहतात आणि आठवडाभर गवंड्याच्या हाताखाली काम करून रविवारी गळ घेऊन बसतात. मी कॉलेजसाठी मामांकडे राहतो आणि सुटीत लोहा, अहमदपूर करीत एस.टी.ने लातूरकडे गावी जातो. त्यामुळे माझ्या वाट्याला दोन पाणी आली आहेत: एक मामांची नदी, दुसरे बाबा राखतात ते शेततळे. आई दोन्हीकडच्या माशाला एकच वाटण लावते, कांदा-खोबरे भाजून, काळा मसाला घालून, पण पहिल्याच घासाला सांगते, "ह्यो तळ्याचा हाय. चरबट लागतो."

मोठा मासा कोठे लागतो, नदीत की तळ्यात, असे मला वर्गातले मित्र पुष्कळदा विचारतात. प्रश्न साधा आहे. गेल्या वर्षापर्यंत माझ्याजवळ त्याचे उत्तरही साधे होते. यंदाच्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली आणि ते उत्तर मोडले. तीच येथे सांगायची आहे. पण त्याआधी बाबा नदीवरून तळ्यावर कसे आले ते सांगितले पाहिजे.

मांजरा बालाघाटच्या डोंगरात गवळवाडीजवळ उगम पावते, धनेगावच्या धरणात थांबते आणि मग लातूर जिल्ह्यातून पुढे जाते. आमचे गाव तिच्या काठी. आजोबा स्वतः जाळे विणीत. त्यांच्या जाळ्याचा आस चार बोटांचा असे. आस म्हणजे जाळ्याची एक चौकट. त्यातून चार बोटे आरपार गेली पाहिजेत, असे ते म्हणत. एवढ्या आसातून लहान मासा निसटून जातो. पुढे बाजारात बारीक आसाची नायलॉनची जाळी स्वस्तात मिळू लागली आणि ती सगळ्यांनी घेतली. बाबांनीही घेतली. शेजारी बारीक जाळे लावत असताना आपण मोठ्या आसाचे लावणे म्हणजे आपण सोडलेला मासा त्याच्या टोपलीत टाकणे, हा हिशोब कोणालाही कळतो.

मग २०१६ साल आले. त्या साली मांजरा धरण कोरडे पडले. ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी लातूरला पोचली. 'जलदूत' तिचे नाव. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. नंतर पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. ती पंचवीस लाख लिटर आणी. सगळ्या देशाने ती गाडी पाहिली. त्याच दिवसांत आमच्या गावाखालच्या डोहात काय चालले होते, ते मात्र कोणी पाहिले नाही.

डोहात गुडघाभर पाणी उरले होते. मैलभर वरचे आणि मैलभर खालचे सगळे मासे तेवढ्यात जमा झाले होते. एके सकाळी अवघे गाव तेथे उतरले. भोयांची घरे होती, तशी इतरांचीही होती. कोणी जाळे आणले, कोणी टोपली, बायकांनी लुगडी आणली. दोघींनी लुगड्याची दोन टोके धरायची आणि चिखल ढवळीत पुढे सरकायचे. दुपारपर्यंत मोठे मासे संपले. संध्याकाळपर्यंत बोटाएवढी पिले संपली. मी नऊ वर्षांचा होतो. माझ्याही टोपलीत ती पिले होती आणि मी आनंदाने ओरडत होतो. कोणाचे काही चुकले असे तेव्हा कोणालाच वाटले नाही. उद्या ते पाणी आटणार होते आणि आपण नाही नेले तर कावळे नेणार होते.

त्याच वर्षी परतीच्या पावसात मांजरा पुन्हा वाहिली. लोकांनी नारळ फोडले. बाबांनी जाळे काढून धुतले, शिवले आणि टाकले. पहिल्या दिवशी जाळे रिकामे आले. आठ दिवसांनीही तसेच. दिवाळीपर्यंत बाबांना चिमूटभर झिंग्यांवाचून काही मिळाले नाही. पाणी आले होते, पण त्यात राहणारे कोणी उरले नव्हते. बाबांनी जाळे गुंडाळून माळ्यावर टाकले आणि पुढच्या वर्षी एका बागायतदाराच्या शेततळ्यावर रखवालदार म्हणून राहिले.

ते शेततळे 'मागेल त्याला शेततळे' या २०१६ साली निघालेल्या योजनेतले आहे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. आत प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला. काठाचा उतार धरून मी एकदा गणित मांडले, तर काठोकाठ भरले तरी त्यात जेमतेम वीस लाख लिटर पाणी मावते. म्हणजे लातूरला आलेल्या त्या पन्नास वाघिणींच्या गाडीहूनही कमी. एवढ्याशा पाण्यात बाबांनी गेल्या काही वर्षांत जे केले, ते पाहून मला त्यांचा फार अभिमान वाटतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी नदीची बाजू घेईन तेव्हा बाबांचे कष्ट कमी लेखले असे कोणास वाटू नये.

पहिल्या वर्षी मालकांनी हौसेने चार हजार बोटुकली सोडली. बोटुकली म्हणजे बोटाएवढे माशाचे पिलू. अंड्यातून निघते ते मत्स्यजिरे, थोडे वाढले की मत्स्यबीज आणि मग बोटुकली. वर्षाने जाळे ओढले, तर एकही मासा तळहाताहून मोठा नव्हता. मालक बीज विकणाऱ्यावर रागावले. बाबा म्हणाले, "मालक, बीज चांगलंच हाय. भाकरी एक अन् खाणारं घर भरून हायत." दुसऱ्या वर्षी बाबांनी सातशेच बोटुकली मोजून सोडली आणि तेव्हा किलो-सव्वा किलोचे मासे निघाले. तळ्यातल्या मोठ्या माशाचे पहिले रहस्य हेच की त्याला भावंडे थोडी असली पाहिजेत.

दुसरे रहस्य म्हणजे थर. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात असतो. मृगळ तळाशी चरतो. तिघांना एकत्र सोडले तर कोणी कोणाच्या ताटात हात घालीत नाही. नदीत पाण्याबरोबर गाळ येतो, पालापाचोळा येतो आणि त्यावर माशाचे बारीक खाद्य आपोआप वाढते. प्लास्टिकच्या तळ्याला माती नाही. तेथे सगळे हातानेच घालावे लागते. शेण भिजवून घालायचे, चुना मारायचा, भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड सम प्रमाणात भिजवून गोळे करायचे. आभाळ भरलेले असले की बाबांना झोप नसते. पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी होतो. मासे वर येऊन तोंडे उघडी टाकू लागतात. मग बाबा पहाटे चारला उठून मोटार लावतात आणि तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात पाडीत बसतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या तापातही ते एवढे जागले नसतील, असे आई म्हणते. आई अर्थात रागाने म्हणते.

दर वर्षी मासे विकताना बाबा वीसेक कटले राखून ठेवीत. तीन वर्षांत ते पाच-सहा किलोंचे झाले. एकाची शेपटी एका बाजूने फाटलेली होती. खाद्याची बादली काठावर ठेवल्याचा आवाज झाला की तो सर्वांत आधी वर यायचा.

मी पहिल्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुटीत गावी गेलो होतो. मालकांकडे लातूरहून पाहुणे आले. त्यांना गळाने मासा धरायची हौस होती. मालकांनी मला बोलावले, कारण मी नांदेडला मामांबरोबर बसून थोडाफार शिकलो होतो. पाहुण्यांचा गळ नवा, महाग, चकचकीत चरखीचा होता. मी पेंडीचा गोळा लावून दिला. अर्धा तास काही लागले नाही. पाहुणे कंटाळले. मला युक्ती सुचली. मी बादली घेतली आणि काठावर आपटली. पाणी उकळल्यासारखे झाले. पाहुण्यांनी गळ माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या मिनिटाला तो वाकला. सहा किलोंचा कटला मी दहा मिनिटांत काठावर आणला. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी तो दोन्ही हातांत धरून फोटो काढून घेतले. एका फोटोत मीही आहे.

त्या माशाची शेपटी एका बाजूने फाटलेली होती.

बाबा लांब, मोटारीच्या खोलीजवळ उभे होते. रात्री जेवताना मी फुशारकीने म्हणालो, "बाबा, सहा किलोंचा होता." बाबा म्हणाले, "व्हय. त्यो काय, हाका मारल्यावर येतोच की." पुढे ते काही बोलले नाहीत. मला मात्र त्या दिवसापासून तळ्यात गळ टाकावासा वाटला नाही. गोठ्यातल्या गाईला गवत दाखवून बोलवायचे आणि शिकार केली म्हणायचे, त्यातलाच तो प्रकार होता.

नदीवरचे सगळेच वेगळे आहे. मामांच्या गळाला चरखी नाही. वेळूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या दांड्याचे तरंगणे आणि ओल्या फडक्यात बांधलेला चारा. कणीक, भाजलेली पेंड आणि त्यात मामा आणखी एक काहीतरी घालतात, ते त्यांनी मामीलाही सांगितलेले नाही. ते पहाटे काठावर जातात. आधी चाऱ्याचे चार गोळे पाण्यात टाकतात आणि मग तासभर गळ न टाकता नुसते बसतात. पहिल्या महिन्यात मी विचारले, "मामा, आपण मासे धरायला आलो की बसायला?" मामा म्हणाले, "नदीला आधी कळू दे की आपण आलोत."

नदीत रोज लागते ती चिलापी. हा मासा मूळचा आफ्रिकेचा. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि आता पाणी दिसेल तेथे तो आहे. मादी अंडी तोंडात धरून सांभाळते. त्यामुळे तिची पिले जगतात आणि वर्षातून कितीदा तरी होतात. तळहाताएवढ्या चिलापी दिवसभर गळाला येतात. कधी वाम येते, कधी काटेवाला शिंगाडा, नशीब असले तर मरळ. पण मोठा रोहू किंवा कटला? मामांबरोबर बसून मला वर्ष झाले तरी दिसला नव्हता. मामांना स्वतःला पाच किलोंवरचे मासे आयुष्यात तीन लागले आणि त्या तिघांच्या तारखा त्यांना पाठ आहेत.

मला वाटे, नदी मोठी, पाणी अपार, तर मासेही मोठे हवेत. नंतर उलगडा झाला. तळ्यात मोठा मासा होतो, कारण बाबा ठरवतात की हे वीस राखायचे. नदीत असे ठरवणारा कोणी नाही. तेथे मोठा मासा म्हणजे चार-पाच वर्षे प्रत्येक जाळ्यातून, प्रत्येक गळातून, प्रत्येक उन्हाळ्यातून सुटलेला मासा. सगळ्यांच्या हातून राहून गेलेला. म्हणून तो दुर्मिळ आणि म्हणूनच त्याची ओढ.

मामांचा एक नियम मात्र होता. आषाढाचा पहिला लाल पूर आला की ते गळ घरी आणून खुंटीला अडकवीत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत काढीत नसत. "ह्या दिसांत त्यांच्या पोटात गाभोळी असती," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. कोकणच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत, तो सरकारी नियम आहे. मामांचा नियम मामांचाच होता. काठावरचे दुसरे गळवाले त्याला हसत, कारण त्याच दिवसांत मासा जास्त लागतो.

यंदाच्या आषाढात मला द्वितीय वर्षाची फी भरायची होती. शेवटची तारीख चार दिवसांवर आली होती आणि माझ्याजवळ अकराशे रुपये कमी होते. बाबांना कळवावे तर त्यांचा पगार दहा तारखेला. मामांच्या कामाला पावसाने खाडा पडलेला. मी कोणालाच बोललो नाही. वरच्या पावसाने विष्णुपुरीचे दरवाजे उघडले होते, मग ते पुन्हा खाली केले. अशा वेळी धरणाच्या खालच्या अंगाला मासा जमतो, हे मी काठावर ऐकले होते. नवा पूर आला की मासा प्रवाहाच्या उलट वर चढू पाहतो. पुढे भिंत लागते, तेथेच तो घुटमळत राहतो. मामा झोपेत असताना मी पहाटे खुंटीवरचा गळ काढला.

पाणी चहासारखे लाल होते. तरंगणे त्यात दिसेना, म्हणून तंगूस बोटावर धरून बसलो. दोन तास गेले. मग बोटाला एक हलका ओढा बसला, जणू कोणी शर्टाची बाही ओढून हाक मारावी. मी झटका दिला आणि पुढची वीस मिनिटे मला जगातले दुसरे काही आठवले नाही. तंगुसाने बोट कापले. दोनदा तो काठाजवळ आला आणि दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा मी कमरेइतक्या पाण्यात उतरून त्याला कवेत घेतला. रोहू होता. पाठीवर काळपट, पोटाकडे तांबूस. तसा मासा मी तळ्यात कधी पाहिला नाही. तळ्यातला मासा गोल, मऊ असतो. याचे अंग दगडासारखे टणक होते.

पोट मात्र मऊ होते. फुगलेले होते. मी हात फिरवला तेव्हा दोन पिवळट दाणे माझ्या तळव्याला चिकटले.

म्हणजे तो 'तो' नव्हता. ती होती.

मला कळले नाही, असे मी म्हणू शकत नाही. मला कळले होते. मामांचे शब्द आठवले होते. मी तिला पाण्यात धरून उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. हात सैल केला असता तर ती गेली असती. मग मी तिच्या कल्ल्यात दोरी घातली.

तराजूत साडेपाच किलो भरली. गाभोळीसकट आहे म्हणून व्यापाऱ्याने किलोमागे जास्तीचे दिले. माझे अकराशे रुपये जमले, वर चहाचे पैसे उरले. त्याच दिवशी फी भरून पावती घेतली. ती पावती अजून माझ्या वहीत आहे.

मामांपासून काही लपवता येत नाही. माझे बोट कापलेले होते आणि खुंटीवरचा गळ ओला होता. संध्याकाळी मी सगळे सांगून टाकले. ते रागावतील, हात उचलतील, अशी मनाची तयारी केली होती. मामा बराच वेळ गळाची तंगूस फडक्याने पुसत बसले. मग म्हणाले, "फीला पैसं कमी होतं तर मला सांगायचं होतंस की रं." बस, एवढेच. मारले असते तर बरे झाले असते.

माझ्या गावचा एक मित्र उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकतो. गणपतीत भेटला तेव्हा त्याला विचारले. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे साधारण दोन लाख अंडी देते, असे तो म्हणाला. मी मनात गुणाकार केला आणि गप्प राहिलो. त्यानेच माझी समजूत घातली, "सगळी थोडीच जगतात? हजारात एखादे." मी पुन्हा गणित केले. हजारात एक धरले तरी ते हजारावर जातात.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. कटला, रोहू, मृगळ हे मासे बंद तळ्यात पोटात अंडी धरतात, पण टाकीत नाहीत. त्यांना पावसाळ्याचे नवे, वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी तळ्यात सोडायचे बीज नदीतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात या माशांना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून प्रथमच बंद पाण्यात अंडी टाकायला लावली. आज देशभर जे मत्स्यबीज मिळते, त्याचा पाया तो. १० जुलै हा दिवस म्हणूनच मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. हे ऐकून मला बाबांच्या तळ्याकडे नव्याने पाहावेसे वाटले. तळ्याचा मासा नदीहून वेगळा, पाळीव, असे मी समजत होतो. पण त्याचे माहेर नदीच आहे. माणसाने टोचलेली ती सुई म्हणजे पुराची नक्कल.

आणि आमच्या नद्यांचे नातेही तसेच आहे. मांजरा लातुरातून कर्नाटकात जाते, तेलंगणात जाते, परत नांदेडच्या सीमेला लागते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. त्याच्या थोडे वर धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. तो तंटा दोन राज्यांच्या पाण्याचा होता, मासा त्यात कोठेही नव्हता. पण आषाढातले आणि श्रावणातले विणीचे दिवस त्या तारखांच्या आतच पडतात. खालून वर येणाऱ्या माशाला त्या दिवसांत तेवढी एक वाट मोकळी असते. ती वाट चढून एखादी मादी नांदेडपर्यंत येते, आणि मग भिंतीखाली कोणीतरी बोटावर तंगूस धरून बसलेला असतो.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा बाबांनाही सांगितले. फीचे ऐकून ते आधी आईवर ओरडले, का ते मला कळले नाही. मग तळ्याच्या काठावर माझ्याशेजारी बसले. अंधार पडत होता. खाली पाण्यात राखलेले कटले मधूनच पाठ दाखवीत होते. बाबा म्हणाले, "डोह आटला होता तवा तुझ्या टोपलीत पिल्ली होती. आठवतंय?"

"आठवतंय."

"मी म्हणू शकलो असतो, सोड म्हणून. धरणाच्या वरल्या अंगाला खोल डबकं होतं. तिथं नेऊन सोडली असती तर काही वाचली असती. आजोबा असते तर म्हटले असते." थोडे थांबून ते म्हणाले, "सगळे धरत होते, म्हणून मीबी धरली."

बाबांना मी आजवर इतके बोलताना ऐकले नव्हते. मला वाटत होते, २०१६ साली दुष्काळाने आमची नदी नेली आणि बाबांनी मुकाट्याने ते सोसले. बाबांच्या मनात मात्र इतकी वर्षे दुष्काळ नव्हता, ती टोपली होती.

मालक दर दिवाळीला बाबांना कपडे आणि पैसे देतात. यंदा बाबांनी कपडे नको म्हटले आणि त्याऐवजी हौदात राखलेल्या बोटुकल्यांतले रोहू आणि मृगळ मागितले. मालक हसले, पण दिले. पाडव्याच्या सकाळी आम्ही दोघे दोन घागरी घेऊन मांजरेच्या त्याच डोहावर गेलो. यंदा तेथे पुरुषभर पाणी होते. बाबांनी घागर आधी पाण्यात टेकवली, आतले पाणी आणि बाहेरचे पाणी सारखे गार होईपर्यंत तशीच धरली आणि मग हळूच कलती केली. पिले क्षणभर घागरीच्या तोंडाशी थांबली आणि मग दिसेनाशी झाली.

काठावर म्हशी धुणाऱ्या एका काकांनी विचारले, "कशाला टाकलाव हो? बारक्या जाळ्यात आठ दिसांत जातील." बाबांनी उत्तर दिले नाही. मलाही देता आले नसते. ते काका चुकीचे बोलत नव्हते. ते पाणी सगळ्यांचे आहे, तेथे कोणी रखवालदार नाही आणि कोणी मोटार लावून पहाटे जागत नाही. त्या पिलांतली किती मोठी होतील आणि कोणाच्या गळाला लागतील ते आमच्या हातात नाही. मामांचा गळ नांदेडला खुंटीवर आहे. तो मी आता आषाढात काढणार नाही, एवढे मात्र माझ्या हातात आहे.

परत येताना रिकाम्या घागरी सायकलला अडकवल्या होत्या, त्या वाजत होत्या. मी विचारले, "बाबा, किती होती?"

तळ्यात सोडताना बाबा एकेक बोटुकली मोजून सोडतात. सातशे म्हणजे सातशे. त्यांनी सायकल ढकलता ढकलता जरा आठवून पाहिले आणि म्हणाले, "मोजली न्हाईत."